पिवळ्या पाकिटावरची तारीख

"पण सही कोणी केली?"

"कोणीच नाही, ताई. तेच तर सांगतोय."

"मग ते पत्र पोचलंच नाही. सही नाही तर पत्र नाही."

"इथे तसं नसतं. पोस्टमनने पेटीत टाकलं, वर तारीख घातली, की पोचलं. ही बघा, एकोणीस एप्रिल."

"तू शिकव आता मला. अकरा वर्षं झाली या देशात."

अश्वजितने पिवळं पाकीट टेबलावर ठेवलं. हर्षाने भाजीची वाटी लांब सरकवली, पाकिटाला तेल लागलं तर आणखी काही वाईट होईल अशा भीतीने. शनिवारची दुपार होती, मे संपत आला होता. पानं वाढलेली होती आणि तिघांपैकी कुणीच घास उचलला नव्हता. तिसरा म्हणजे तिचा नवरा अर्जुन. नेकारसुल्म गावातल्या जर्मन गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. तो पाण्याचा ग्लास हातात धरून नुसता बसला होता.

पत्र परदेशी लोकांच्या कचेरीतून आलं होतं. शेजारच्या शहरातल्या बिझनेस स्कूलमध्ये अश्वजित एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर आला, शाळेने त्याला पूर्ण मास्टर्सला घेतलं, म्हणून त्याने व्हिसा वाढवायचा अर्ज केला. प्रवेशाचं पक्कं पत्र जोडलं नाही या कारणावरून अर्ज नाकारला गेला होता. हरकत घ्यायला एक महिना. ते पक्कं पत्र अर्ज दिल्यानंतर हातात आलं आणि मार्चपासून अश्वजितच्या बॅगेत पडून होतं. आणि महिना संपून आठ दिवस झाले होते.

हर्षाचे वडील उमरेडला पोस्टमन होते. रजिस्टर पत्र घेऊन उन्हातून तीनतीनदा खेटे घालतील, पण सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय पाकीट हातातून सोडणार नाहीत. या गोष्टीवर तिचं बालपण गेलं. नागपूरला तिने लायब्ररीचं शिक्षण घेतलं, लग्न करून इथे आली. इथे तिची डिग्री कुणी विचारात घेतली नाही. चार वर्षं तिने शाळेच्या कँटीनमध्ये ताटं धुतली. मग एका वर्षी बिझनेस स्कूलमध्ये पुण्याच्या दोन मुली आल्या. पहिल्याच रविवारी दुकानं बंद बघून रडकुंडीला येऊन, कुणीतरी पत्ता दिला म्हणून, त्या हिच्या दारात उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी त्यांना वरण-भात वाढता वाढता हर्षाने एक कागद लिहायला घेतला.

तो कागद पुढे या फोनवरून त्या फोनवर फिरला. पुण्यातली, नागपुरातली पोरं विमानात बसायच्या आधी तो पाठ करत. शनिवारीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा. पासपोर्ट साइजचे फोटो वीस आणा, पण इथल्या मापाचे. तिकिटाशिवाय ट्रॅममध्ये चढू नका, 'माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. लेटरबॉक्सवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं, खोली मिळेपर्यंत माझ्या पेटीवर नाव लावा. आणि सातव्या क्रमांकावर: महत्त्वाचं पत्र सही घेऊनच देतात, घरी नसलात तरी घाबरू नका.

सातवा मुद्दा तिने कुणाला विचारून लिहिला नव्हता. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

सगळे तिला हर्षाताई म्हणू लागले. ताटं धुणाऱ्या बाईला कुणीतरी जाणकार म्हणत होतं, आणि तिला ते फार हवं होतं. अश्वजितच्या आईने तर वसमतहून फोन करून जय भीम घातला आणि म्हणाली, पोरगं तुमच्या पदरात टाकलंय. त्याच्या घरमालकाने खोली दिली, पण पत्ता नोंदवायला लागणारा फॉर्म द्यायला नकार दिला. तो फॉर्म हर्षाने भरून दिला: हा मुलगा आमच्याकडे राहतो. एक रात्रही तो तिथे राहिला नव्हता.

एप्रिलमध्ये ती भाचीच्या लग्नासाठी नागपूरला गेली. अश्वजित दर आठवड्याला अर्जुनला फोन करून विचारायचा, काही आलंय का? अर्जुन म्हणायचा, नाही रे, जाहिरातीच आहेत सगळ्या.

हे अश्वजितला माहीत होतं. बाकीचं हर्षाच्या फोनमध्ये होतं. मांडवात मेंदी काढून बसली असताना अर्जुनचा मेसेज आला होता. अश्वजितच्या नावाचं पिवळं पाकीट आलंय, काय करू? तिने एका बोटाने लिहिलं, सही घेतली का? नाही म्हणाला. तिने लिहिलं, मग साधंच असेल, राहू द्या, त्याला उगाच घाबरवू नका, मी आल्यावर बघते. पाच आठवड्यांनी परत आल्यावर तीन दिवस कपडे धुण्यात आणि झोपण्यात गेले. आज बूट ठेवायच्या कपाटाच्या खणातून पाकीट निघालं.

अश्वजितने मघाशीच स्कूलच्या सल्लागार बाईंना फोन लावला होता. त्या म्हणाल्या, एक वाट आहे, खात्री देत नाही. तो त्या पत्त्यावर खरोखर राहत नव्हता असं घरवाल्यांनी लिहून दिलं, तर पत्र पोचलंच नाही असं मांडता येईल.

"म्हणजे ताई, तुम्ही म्हणता तेच," तो म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला. "पोचलंच नाही. फक्त तसं लिहून द्यायचं."

अर्जुनने ग्लास खाली ठेवला.

"आल्झो, म्हणजे असं बघ, अश्वजित, नीट ऐक. त्या फॉर्मवर हर्षाची सही आहे. तू इथे राहतोस म्हणून. खोटी नोंद केली तर किती दंड, ते खालीच छापलंय. आणि आमचे नागरिकत्वाचे कागद त्याच शहराच्या कचेरीत पडलेत, नऊ महिन्यांपासून."

"सर, मला चौदा दिवसांत देश सोडायला सांगितलंय."

"माहीत आहे."

"माझी आई ताईंशी पोटच्या पोरीशी बोलावं तशी बोलते फोनवर."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच सांगतो, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. दार कायमचं बंद होत नाही."

"बाबांनी शेताचा तुकडा नाही, नोकरीतली उरलेली पाच वर्षं विकलीत. लवकर रिटायर झाले ते, माझ्यासाठी. पुढच्या वर्षी काय विकणार?"

अर्जुनने बायकोकडे पाहिलं. तो त्या मेसेजबद्दल एक शब्द बोलला नव्हता आणि बोलणारही नव्हता, हे तिला कळत होतं. तो तिला वाचवत होता. मुलाला फोनवर जाहिराती आहेत असं सांगणारा एकटा अर्जुन होता, तरी ते वाक्य तिचंच होतं.

"अश्वजित, तू जेव आधी," ती म्हणाली. "थंड होतंय. मी सोमवारी येते तुझ्याबरोबर कचेरीत. बोलू आपण त्यांच्याशी. रडून सांगू."

"बोलून नाही चालत, ताई. तुमच्याच कागदात आहे. माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही."

त्याने बॅगेतून कोरा कागद काढला, त्यावर पेन ठेवलं आणि दोन्ही तिच्याकडे सरकवलं. उद्धटपणे नाही. शाळेत बाईंसमोर वही ठेवावी तसं.

"सर नाही म्हणाले. ते ठीक आहे. सही तुमची आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. दोन ओळी. मी इथे राहत नव्हतो, आणि पत्र आल्याचं मला कुणी कळवलं नाही. द्याल का लिहून?"

दुसऱ्या ओळीपाशी हर्षाचा हात पेनापर्यंत जाऊन थांबला. कुणी कळवलं नाही, हे लिहायचं तर कुणाला माहीत होतं आणि कुणी थांबवलं, तेही लिहावं लागणार.

"हर्षा," अर्जुन हळूच म्हणाला.

"ताई," अश्वजित म्हणाला.

कागद कोराच ठेवून ती उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. दारामागचं जाकीट तिने घेतलं, अंगात न घालता खांद्यावर टाकलं, घरातल्याच सपाता घालून बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर, त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी असलेली शेजारीण झाडू घेऊन बाजूला सरली आणि तिने काहीतरी विचारलं. हर्षा खाली उतरत राहिली.