दाराआडचा कॅलिफोर्निया

तापीकाठच्या प्रकाशा गावात कुणाला कॅलिफोर्निया कुठे आहे असं विचारलं असतं, तर त्याने भिला पाटलांच्या घराकडे बोट केलं असतं. त्या घरच्या थोरल्या सुनेला, रूपलीबाईला, त्या मुलुखाची खडान्‌खडा माहिती होती. तिने स्वतः नंदुरबारचं स्टेशनसुद्धा जन्मात दोनदाच पाहिलं होतं.

तिचा नवरा धुडकू लग्नानंतर दीड वर्षाने, १९१२ साली, दोन पंजाबी सोबत्यांबरोबर बोटीवर चढला. "पाच वरीसमा येसू," म्हणून गेला. तिकडे इंपीरियल व्हॅली नावाच्या खोऱ्यात तो कापूस पिकवू लागला. वर्षातून दोनदा पत्र यायचं, सासऱ्यांच्या नावाने. नवऱ्याने बायकोला वेगळी चिठ्ठी लिहावी असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. धाकटा दीर चुडामण ओसरीवर मोठ्याने वाचायचा आणि रूपली माजघराच्या दाराआड, कपाळावर पदर ओढून, ऐकायची.

उत्तर लिहायला बसलं की प्रत्येकजण काहीबाही सांगे. ते कसे आहेत, कधी येणार, हे सुनेने सासऱ्यांच्या कानावर जाईल असं विचारणं म्हणजे निलाजरेपणा. मुलुखाबद्दल विचारायला मात्र कुणाची हरकत नव्हती. म्हणून ती सासूला, भिकुबाईला, हळूच सांगायची, "तठे पानी कोठून येस, इचारा ना."

"तुले काय तठे नांगर धरना शे का?" सासू फटकारायची, पण प्रश्न पोचायचा.

सहा महिन्यांनी उत्तर यायचं. कोलोरॅडो नावाच्या नदीचं पाणी पाटाने येतं. सगळं खोरं समुद्राच्याही खाली आहे. पाऊस म्हणाल तर वर्षाला चार बोटं. उन्हाळ्यात चादर पाण्यात भिजवून अंगावर घेतात तेव्हा कुठे डोळा लागतो. जेठ-आषाढात खरबुजं निघतात, ती बर्फात घालून रेल्वेने लांब लांब जातात. बाई समोर आली की तिथले पुरुष डोक्यावरची टोपी उचलतात. यावर ओसरी खोखो हसली. रूपली आतल्या आत एवढंच धरून बसली, की चादर भिजवून झोपतात म्हणजे अंगणात एखादं झाड नाही, आणि चादर स्वतःच भिजवत असतील.

मग एका पत्रात आलं, की तिथल्या सरकारने कायदा केलाय. इकडून कुणाला बायको-पोरं नेता येणार नाहीत, आणि गावी गेलेल्याला परत शिरू देतील याचा भरवसा नाही. भिला पाटलांनी पानाची चंची काढली आणि तशीच परत गुंडाळली.

त्या वेळी रूपलीने विचारायला लावलं, "भाकर कसानी खातस? ज्वारीनी का बाजरीनी?"

उत्तर आलं ते १९२० च्या दिवाळीला, आणि इतकं लांबलचक पत्र धुडकूने कधी लिहिलं नव्हतं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचा. सकाळी सालं चोळून काढायची. मग गुडघे टेकून उतरत्या पाट्यावर वाटायचं. पाण्याचा हात जपून लावावा लागतो, नाहीतर भाकरी तव्याला धरते. गरम असतानाच फडक्यात गुंडाळून ठेवली की मऊ राहते. सोबत भाजल्या मिरचीचा ठेचा. चव अगदी घरची.

"चुनानी भाकर!" चुडामणला हसू आवरेना. "आपला दादा तं आचारी व्हयी गया!"

सगळे हसले. रूपली दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. दीड वर्षाच्या संसारात या माणसाला पिठाचा डबा कुठे असतो ते माहीत नव्हतं. पाण्याचा हात किती लावायचा, हे चुलीसमोर रोज बसणाऱ्या बाईलाच कळतं. आणि भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवतात ती शेतावरून येणाऱ्या माणसासाठी. तिने मान वर केली तर भिकुबाई तिच्याकडेच बघत होती. चाळीस वर्षं भाकरी थापलेली बाई ती.

संध्याकाळी रूपली परात ओढायला गेली तर सासूने ती आपल्याकडे घेतली. "आज ऱ्हाऊ दे तू. मी थापस."

दोघींनी घरात कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी चुडामण दौत-टाक घेऊन बसला आणि दाराकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, काय इचारू?"

"काही नही," आतून आवाज आला.

पत्रं येत राहिली, आखूड होत गेली. चार वर्षांनी जेठात भिला पाटलांनी अंथरूण धरलं. अन्न सुटलं होतं. ते सारखं एकच विचारत, "धुडकू कव्हय येवाव शे?" भिकुबाई उशाशी बसून त्यांचे ओठ ओले करत होती.

तेव्हा रूपली दाराबाहेर आली. सासऱ्यांशी ती कधी एक शब्द बोलली नव्हती.

"आबा, आते तठे खरबुजं निंघी ऱ्हायनात. बरफमा घालीसन गाडीवर चढाडतस. तेवढं व्हयनं का घरले येवाले निंघतीन."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "कोन शे?"

"मी, थोरली."

"मंग कापूस?"

"औंदा कापूस पेरेल नही."

"पेरेल नही…" त्यांचा चेहरा सैल पडला. "बरं करं. आनि पाट? पाटले पानी शे ना?"

"भरपूर शे, आबा." ती पायथ्याशी बसली आणि सांगू लागली: ती नदी, ते खोरं, पलीकडचे उघडे डोंगर. भिकुबाईने पदर तोंडाला लावला. म्हातारा ऐकता ऐकता हुंकार देत होता, मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी तापीकाठी अग्नी चुडामणने दिला.