किती वर्षांचा कोर्स?

तृप्ती गायधनीचा राग मुलांवर सहसा नसतो, तो पालकांवर असतो. इंदिरानगरात एका डेअरीच्या वर तिचं करिअर मार्गदर्शनाचं ऑफिस आहे. बारावीचा निकाल लागला की दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. पण येणारी माणसं सल्ला विचारायला येतच नाहीत, ती सगळं ठरवून येतात. मुलाचं नाव गंगापूर रोडच्या एखाद्या क्लासला आधीच घातलेलं असतं, आणि वर म्हणायचं, “मॅडम, जरा समजवा ना त्याला.” तृप्ती घसा कोरडा करून सांगते की याला गणित झेपत नाही, याचा जीव चित्रकलेत आहे. पालक मान डोलावतात, चहा पितात आणि जिना उतरून आपलंच खरं करतात. एवढ्या वर्षांत तिचं जसंच्या तसं कुणी ऐकलं असेल, तर तिला तरी आठवत नाही.

म्हणून तिने नियम केला होता, पहिला अर्धा तास पालकांनी बाहेर बसायचं. बाहेर म्हणजे प्लायवुडच्या भिंतीपलीकडे. तिकडे कुणी खाकरलं तरी इकडे ऐकू येतं, पण भाड्याच्या जागेत आणखी काय करणार? आपल्याकडे मुलं मोकळी बोलतात, असं ती चारचौघांत अभिमानाने सांगायची.

जूनच्या एका दुपारी वेदिका आली. निफाडकडची, बारावी सायन्स, मार्क बरे. सोबत वडील, मल्हारी. त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. ते मुकाट्याने बाहेर बसले आणि तृप्तीने नेहमीचं सुरू केलं. काय आवडतं, काय वाचतेस, मोठेपणी काय करावंसं वाटतं?

“लॉ किती वर्षांचं असतं?” वेदिकाने विचारलं.

“पाच. वकील व्हायचंय का?”

“तसं नाही. आर्किटेक्चर?”

“तेही पाच. तुला ड्रॉइंग येतं?”

“नाही. मग फार्मसी?”

“चार. अगं, पण आवडतं काय तुला?”

पलीकडे मल्हारी खाकरले. वेदिका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तृप्तीचं डोकं तापलं. या मुलांना विषयाशी काही देणंघेणं नाही, कधी एकदा सुटतो एवढीच घाई! तिने पंधरा मिनिटं अजून खटपट केली, मग हात टेकले.

“हे बघ,” ती म्हणाली, “तुला लवकर मोकळं व्हायचंय ना? मग लॅब टेक्निशियनचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. वर्षभरात हातात नोकरी.”

वेदिकाने झटकन मान वर केली. काही बोलायला तोंड उघडलं, भिंतीकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

मल्हारी आत आले ते हसतच. “ब्येस झालं मॅडम! मी बाहेरून समदं ऐकलं. देवळाली कॅम्पचं स्थळ हाय हिच्यासाठी. पोरगा मिल्ट्रीत हाय. शिक्षण पुरं झालं का लगीन, असं ठरलंय आमचं. मला वाटलं, चार-पाच वर्षं थांबाया लावती का काय ही.”

तृप्तीला आता ती यादी उमगली. लॉ, आर्किटेक्चर, फार्मसी. पोरगी घाईत नव्हतीच. ती लग्न लांबवायला वर्षं शोधत होती, आणि बाप भिंतीला कान लावून बसलेला असताना ते सांगणार तरी कसं?

“अहो, थांबा,” ती घाईघाईने म्हणाली. “मी जरा चुकले. हिची बुद्धी पाहता लॉच बरं. निदान फार्मसी तरी. या डिप्लोम्याला पुढे वाव नाही.”

“आत्ता तर म्हनला, वर्षात नोकरी?”

“म्हणाले, पण…”

“मंग झालं तर! आमच्याकडं लोकं म्हनत्यात, असली मान्सं उगा लांबलचक कायबी गळ्यात मारत्यात. तुमी सरळ बोलला.”

“पण लग्नाची एवढी घाई कशाला?”

“घाई कुठं?” मल्हारींना खरंच नवल वाटलं. “तुमी सांगितलं तेवढं थांबतोय की. आमी तुमच्या शब्दाबाहेर न्हाय.” त्यांनी मनापासून हात जोडले.

तृप्तीला त्या जोडलेल्या हातांची चीड आली, त्या प्लायवुडची आली आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. तिने वेदिकाकडे वळून विचारलं, “तुला काय वाटतं? बोल ना. आता बोल.”

वेदिकाने बापाकडे पाहिलं. “मॅडम सांगतील तसं,” ती म्हणाली.

मल्हारी चपला घालून जिना उतरू लागले. वेदिका दारात क्षणभर रेंगाळली.

“पाच वर्षं निघाली असती तर मी तेवीसची झाले असते, मॅडम,” ती हळूच म्हणाली आणि खालून हाक आली तशी निघून गेली.