सकाळीच बंद पडणारी पेटी

कोथरूडच्या त्या सोसायटीत आम्ही बसवलेली पेटी फक्त सकाळी बंद पडायची. दुपारी मी तपासायला गेले की शहाण्यासारखी चालायची.

पेटी म्हणजे पंपाचा कंट्रोलर. खालच्या टाकीत पाणी आलं की पंप लावायचा, वरची टाकी भरली की थांबवायचा, एवढंच तिचं काम. तिच्यातला प्रोग्रॅम मी लिहिला होता, म्हणून तक्रारीही माझ्याकडेच यायच्या. पेटी मधेच आपोआप रीस्टार्ट व्हायची आणि दर वेळी खबरदारी म्हणून पंप बंद करून काही मिनिटं वाट पाहायची. ही खबरदारीही माझीच. तेवढ्यात इमारतीतली माणसं अंगाला साबण लावून खोळंबलेली असायची.

पेटी आणण्याचा आग्रह सोसायटीच्या सेक्रेटरींचा. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावणारे गृहस्थ. मी त्यांना काका म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांचा पेटीला पहिल्यापासून विरोध होता. आता रविवारच्या सभेत त्यांनी पेटी काढून टाकायचा ठराव आणला होता, आणि पेटी गेली तर सेक्रेटरीपद सोडायचं, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. मला काकांची काळजी वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला त्या कोड्याने पछाडलं होतं. दसऱ्यापर्यंत बिनतक्रार चाललेल्या पेटीला झालं काय?

मोटर सुरू होताना वीज दबत असेल म्हणून मी पॉवर सप्लाय बदलला. फरक नाही. मग स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, तो कुठे अडकतो ते शोधत बसले. तिथेही काही सापडेना. शेवटी पेटीतल्या चिपलाच विचारायचं ठरवलं. रीस्टार्ट कशामुळे झाला याची खूण चिपमध्ये राहते. माझा प्रोग्रॅम ती न वाचताच पुसून टाकत होता. मी ती डिस्प्लेवर दिसेल अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फोनवर वाचून दाखवलं, कारण होतं रीसेट बटण.

हे बटण पेटीच्या आत असतं. समोर एक बारीक भोक, त्यातून टाचणी घातली तरच ते दाबलं जातं. पंपाच्या खोलीला कुलूप नव्हतं. काकांना मग शंकाच उरली नाही.

"तिसरा मजला," ते म्हणाले. "रविवारी सगळ्यांसमोर विचारणार आहे मी."

मला मात्र पटेना. रोज पहाटे उठून टाचणी घेऊन खाली येण्याइतका उत्साह त्या गृहस्थांत दिसत नव्हता. शिवाय मधे काका मुलीकडे बिबवेवाडीला राहायला गेले, तेव्हा पेटी एकदाही बंद पडली नव्हती. त्यावर तिसऱ्या मजल्याने जिन्यात ऐकवलंही होतं, की सेक्रेटरी नसले की पेटीची तब्येत सुधारते. तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य डोक्यातून जाईना.

शनिवारी पाणी यायच्या आधीच मी पंपाच्या खोलीत जाऊन बसले. पंप सुरू झाला. थोड्या वेळाने काका आले. नुकतीच अंघोळ आणि देवपूजा झालेली, केस ओले. चपला दाराबाहेर काढल्या. पेटीवर दोन हिरवे दिवे शेजारी शेजारी, आणि त्यांच्या वर मधोमध ते भोक. काकांनी अनामिकेवरचं कुंकवाचं ओलं गंध नेमकं तिथे, कपाळावर लावावं तसं लावलं आणि हात जोडले. जरा वेळाने पंप थांबला. डिस्प्लेवर रीसेट बटण.

तो लाल ठिपका मी आधीही पाहिला होता. पण खंडेनवमीला यंत्रांना कुंकू लागतंच. आमच्या ऑफिसातल्या मीटरवरही होतं. त्यामुळे दिसूनही मला तो दिसला नव्हता.

काकांनी मात्र खंडेनवमीनंतरही रोजचा नेम ठेवला होता. गंध भोकातून बटणाच्या पायांवर उतरायचं. ओलं असेपर्यंत चिपला मधूनमधून बटण दाबल्यासारखं वाटायचं, दुपारपर्यंत ते वाळून जायचं. मी समजावून सांगितलं तेव्हा काका बराच वेळ बोट रुमालाला पुसत राहिले.

"म्हणजे उद्या मी एका सज्जन माणसाला सगळ्यांदेखत चोर ठरवणार होतो."

मला फार वाईट वाटलं. कोडं सुटल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पेटी उघडायला घेतली आणि भोकाला रबराचं बूच बसवलं.

रविवारी काकांनी उभं राहून सगळं सांगितलं, संशय घेतल्याचंसुद्धा. तिसरा मजला ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ठराव मागे घेतो. पेटी राहू द्या, सेक्रेटरींची अंघोळ दुपारी ठेवा." सगळे हसले. काकाही हसले, पण उशिरा.

सोमवारी सकाळी मी पुन्हा गेले. काका चपला काढून आले, पण पेटीसमोर हात आखडून उभे राहिले. आता गंध कुठे लावायचं, त्यांनी हळूच विचारलं. मी पेटीच्या माथ्याकडे बोट दाखवलं.

"डोक्यावर अक्षता टाकतात हो. गंध नाही लावत."

"मग नेहमीच्या जागीच लावा, काका. बूच बसवलंय."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गंध लावलं. मग वरची टाकी भरेपर्यंत आम्ही दोघंही तिथून हललो नाही.