पांढऱ्या साडीची परीक्षा

परवा अमरावतीच्या घरी नव्या कपाटाला लॅकर मारणं चाललं होतं. थिनरचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मला अकोटची आमची ओसरी दिसू लागली.

बाबा गेल्यावर आईने शिवणकाम करायचं ठरवलं. कापड बेतायला तिने एक जुनं, डागाळलेलं टेबल आणलं. सुतार युसूफचाचा म्हणाले, "गडद रंग देतो बाई, सारे डाग झाकून जातीन."

"डाग राहू द्या," आई म्हणाली. "लोकायचं पांढरं कापड ठेवा लागते त्याच्यावर. रंग लागला तं पुन्हा कोन येईन माह्याकडे?"

"मंग बिनरंगी लॅकर मारतो. घंटाभरात वाळते."

चाचांनी टेबल घासलं, पुसलं आणि लॅकरचे दोन हात दिले. ते वाळल्यावर आईने पेटीतून स्वतःची एकुलती एक पांढरी रेशमी साडी काढली, टेबलावर पसरली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. चांगली साडी ती का खराब करते आहे, हे मला कळेना. आज वाटतं, आमचे पुढचे सगळे दिवसच ती दाबून बघत होती.

साडी उचलली, तर पांढरीशुभ्र. आईने ती नीट घडी केली.

"चाचा," ती म्हणाली, "दारावर पाटी लावाची हाय मले. एक फळी कापून द्या."