नजरेबाहेरची फोल्डरे

पंचेचाळिशी उलटल्यावर मी सर्व्हर सांभाळायला शिकले. त्यापूर्वी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले होते. तरी द्रोणागिरीच्या गोदामातील त्या लहानशा कार्यालयात कुणाला काही विचारायचा मला संकोच वाटे.

सर्व्हर एकच, आणि तोही जुना. त्यावर प्रत्येक ग्राहकाचे एक फोल्डर. त्यात कंटेनरची कागदपत्रे पडली की फोल्डरांवर नजर ठेवणारा प्रोग्राम ती उचलून बंदराकडे पाठवी आणि उचलल्याची वेळ नोंदवी. अशा प्रत्येक नजरेसाठी कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, थोडी मेमरी अडकवून ठेवतो. मेमरी अपुरी पडून सर्व्हर अडखळू लागला, तेव्हा किती फोल्डरांवर नजर ठेवायची याची मर्यादा मी निम्म्यावर आणली. सर्व्हर सुरळीत झाला. कुणी हसेल या भीतीने मी ते कुणालाच सांगितले नाही. यादीच्या शेवटी असलेले नवे ग्राहक मर्यादेबाहेर राहिले, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

कागदपत्रे टाकण्याचे काम उरणच्या एका चाचांकडे होते. आखातात उमेदीची वर्षे घालवून परतलेले, बोलके गृहस्थ. "मॅडम, तुमचा पहारेकरी डुलक्या घेतो वाटतं!" ते एकदा म्हणाले. मी नुसती हसले.

आठवड्याभरात एका नव्या ग्राहकाच्या कंटेनरचे जहाज चुकले.

"चाचा, तुम्ही कागद टाकलेच नाहीत," साहेब म्हणाले.

"खुदा कसम, सकाळीच टाकले. मशीनमध्ये बघा ना."

"जेवून आल्यावर बघतो."

तेवढ्या वेळात मी व्यवहार थांबलेल्या ग्राहकांची फोल्डरे यादीतून काढली, मर्यादा थोडी वाढवली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. हे आधीच करता आले असते. प्रोग्रामने सकाळपासून पडून असलेली कागदपत्रे उचलली आणि दुपारची वेळ नोंदवली. न उचलता पडून राहिलेले ते कागद हाच चाचांचा एकमेव पुरावा होता; तो मी माझ्या हाताने पुसला होता.

"दीड वाजता टाकलेत की! वर शपथा घेता?" जेवून आलेले साहेब नोंद बघून म्हणाले.

चाचा माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा."

"नोंदीत दीडचीच वेळ दिसते आहे," मी म्हणाले. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

त्यांना फाटकावर बसवण्यात आले. संध्याकाळी करंजाड्याला परतताना आमची गाडी तिथे थांबते. ते वहीत गाडीचा नंबर लिहितात आणि खिडकीशी वाकून विचारतात, "मॅडम, मशीन ठीक ना आता?"

"ठीक आहे, चाचा," एवढेच मी म्हणते, आणि ते फाटक उघडतात.