चहा नको म्हणाली, त्याची गोष्ट

परवा आईला घेऊन चिखलीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. फर्स्ट शिफ्ट करून तसाच, कंपनीच्या शर्टवर. आई हल्ली सारखी थकलेली असते, म्हणून ब्लड टेस्ट केली होती आणि तिचा रिपोर्ट दाखवायचा होता.

डॉक्टर मॅडम आईला एकेक विचारत होत्या आणि मी शेजारी बसून मोबाईलवर रील्स बघत होतो. झोप फार येते का... व्हय. वजन वाढलंय? व्हय. थंडी जास्त वाजते? चिडचिड होते? बोलता बोलता विसरायला होतं? आईचं आपलं व्हय, व्हय चालू...

माझा अंगठा स्क्रीनवर तसाच थांबला. हे सगळं मी आधी बोललेलो होतो राव. प्रश्न म्हणून नाही, आरोप म्हणून. आणि आईला नाही, अश्विनीला.

अश्विनी आमच्याच कंपनीत क्वालिटीला आहे. घरचे लातूरकडचे, राहायला तळवड्यात. मी ताथवड्याचं इंजिनिअरिंग एका सरांशी वाजल्यावर तिरमिरीत सोडलं, चाकणला लाइनवर लागलो आणि तिथे ही भेटली. कंपनीची बस खरं तर आमच्या देहूतूनच सुटते. पण मी रोज बाईक काढून तळवडे चौकापर्यंत जायचो, का तर बस यायच्या आधी टपरीवर तिच्यासोबत एक कटिंग मिळायचा. माझा अख्खा दिवस त्या कटिंगवर चालायचा...

दिवाळीनंतर ती चहाला नको म्हणायला लागली. बसमध्ये शेजारी बसायची, पण खिडकीला डोकं टेकवून झोपायची. उन्हाळा लागला तरी अंगात स्वेटर. फोनवर मी बोलत असायचो आणि पलीकडून नुसता श्वास... झोपलेली असायची. मी म्हणायचो, तुला माझा कंटाळा आलाय. म्हणायचो, जाड झालीस, आळशी झालीस, माझा वाढदिवससुद्धा विसरलीस. ती म्हणायची, तसं काही नाही रे. एवढंच.

मग एका सकाळी मी दोन कप घेऊन उभा, आणि ती परत नको म्हणाली. माझं डोकं फिरलं. तिचा कप तिच्या पायाशी आपटला आणि बसच्या सगळ्या पब्लिकसमोर म्हणालो, "आता दुसऱ्या कुणाच्या हातचा गोड लागतो वाटतं."

ती सलवारीवर चहाचे डाग तसेच घेऊन बसमध्ये चढली आणि पुढे बायकांच्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या स्टॉपवरून चढायला लागली, आणि माझा नंबर ब्लॉक.

इकडे मॅडम आईला समजावत होत्या. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. तिचा हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरतो आणि शरीरानं किती वेगानं चालायचं ते ठरवतो. तो कमी पडला की सगळंच मंद होतं... पचन, झोप, डोकं, मनसुद्धा. मला आमची लाइन आठवली. कुणीतरी मागून स्पीड कमी करून ठेवलाय आणि पुढे उभ्या असलेल्या ऑपरेटरला सगळे कामचोर म्हणतायत...

"सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी ही गोळी," मॅडम म्हणाल्या, "आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी चालेल."

"च्याबी न्हाई?" आईनं विचारलं.

"चहा तर नाहीच."

आई हसली. मला मात्र तळवडे चौकातले ते दोन कप आठवले.

काल शिफ्ट सुटल्यावर अश्विनीच्या स्टॉपवर उतरलो. म्हणालो, मला कळलं, तुला थायरॉइड आहे ना, आईलाही निघालाय. ती आधी दचकली. मग तिनं पहिल्यांदा आईचीच चौकशी केली. म्हणाली, काकूंना सांग, सुरुवातीला फरक पडत नाही असं वाटतं, तरी गोळी सोडू नका. मला का नाही सांगितलं, तेही तिनं सांगितलं. घरी स्थळं बघणं चालू आहे, आणि तिच्या आईनं बजावलंय, लग्नाच्या मुलीला गोळी चालू आहे हे कुणाला कळता कामा नये.

आणि मी काय बोलावं? म्हणालो, "तू तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी असं वागलोच नसतो."



"म्हणजे गोळी हाय म्हणून माफी मागायलास," ती शांतपणे म्हणाली. "आणि नुसताच चहा नको वाटला असता मला, तर?"

खरं तर मी तयारी करून गेलो होतो. राग आला की अॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, हात थरथरतात, हे सगळं वाचून ठेवलं होतं... म्हणजे तुझा हार्मोन तसा माझाही हार्मोन, असं काहीतरी सांगणार होतो. ते तोंडातच राहिलं. हात थरथरतो तो अॅड्रेनालिननं, मान्य. पण त्या हातातला कप कुणाच्या पायाशी आपटायचा, हे काही कुठली ग्रंथी ठरवत नाही.

ती गेली. मी हाक मारली नाही.

आज सकाळी आईला गोळी दिली. सवयीनं तिनं चहा टाकला आणि मग कपाळावर हात मारून गॅस बंद केला. मला म्हणाली, तू पी की, तुला कशाला उपास. मी म्हणालो, राहू दे, थांबतो. आम्ही दोघं ओट्यापाशी अर्धा-पाऊण तास होईपर्यंत नुसतेच उभे राहिलो. मग एकत्रच प्यायलो, आणि मी देहूतूनच बस पकडली.

समोरचा माणूस नको म्हणाला की गप्प उभं राहायचं... एवढंच शिकतोय सध्या. शिकायला लागलो तेव्हा समोर आई आहे. असायला पाहिजे होती दुसरीच कुणीतरी.