एकटीनं खेळलेला चौघांचा खेळ

मी शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात व्हिडिओ गेम खेळून त्यांची परीक्षणं लिहिते. बुलढाण्यात हे कुणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि मग विषय बदलतो. या लिहिण्यानं आजवर कुणाचं भलं झालं की नाही, मला ठाऊक नाही. वाईट मात्र एकदा नक्की झालं. माझ्या एका परीक्षणामुळे माझ्या धाकट्या नणंदेच्या हातचं काम गेलं. त्या परीक्षणातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन, आणि म्हणूनच ते मला जास्त बोचतं.

स्वभावानं मी संशयी. उपजतच होते की नोकरीनं झाले, ते सांगता यायचं नाही. बोर्डाच्या परीक्षेला वर्गावर उभं राहण्यात माझे किती मार्च महिने गेले असतील! बाहीत चिठ्ठी, मोज्यात चिठ्ठी, पॅडच्या मागे पेन्सिलीनं उतरवलेलं अख्खं उत्तर. एकदा तर एका मुलीच्या वेणीतून निबंध निघाला. इतकं पाहिलं की मग पाणी प्यायला उठलेल्या पोराचीही शंका येते. गेमच्या परीक्षणांकडेही मी त्याच नजरेनं बघायची. कंपन्या समीक्षकांना गेम फुकट देतात, बाजारात येण्याआधी देतात, आणि मग सगळे कसे गोड गोड बोलतात! कुठेतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणून माझा नियम ठरलेला होता. गेम स्वतःच्या पैशानं घ्यायचा, दुसऱ्याचं काही वाचायचं नाही, लिहून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही आणि खेळायचं ते एकटीनं. सोबतीला कुणी असलं की ते सांगतं, इथं वळा, तिथं थांबा. माझ्या लेखी ती कॉपीच. माझे वाचक मोजके, पण त्यांना हा नियम तोंडपाठ होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

परीक्षण नसेल तेव्हा मात्र मी नणंदेसोबत खेळायची. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा ती कॉलेजात होती. घरात तिचा एक जुना कम्प्युटर होता आणि आमचं सूत त्याच्यापुढेच जुळलं. पुढे तिला डोणगावला दिली. तिच्या नवऱ्याचं तिथं कृषी केंद्र आहे. ती तिकडे, मी इकडे, दोघींच्या कानाला हेडफोन, असे आमचे रविवार जायचे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, नणंद-भावजय भांडतात हे ऐकलं होतं, राक्षसांशी भांडतात हे इथंच पाहिलं.

मग तो गेम येणार असल्याची बातमी आली. एका भारतीय कंपनीचा आधीचा एक गेम खूप गाजला होता. त्यात एक एकटी बाई आपलं बुडालेलं गाव शोधत निघते. संथ, उदास आणि फार सुंदर. आता त्याच जगात कंपनीनं दुसराच गेम काढला होता. चार योद्धे, हातात तलवारी, समोर राक्षसांच्या झुंडी आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापाकापी. चौघांनी मिळून खेळायचा. याला गेमवाले स्पिन-ऑफ म्हणतात. गाजलेल्या नावावर पोळी भाजून घेणे, असं मी म्हणते. मराठी भाषेचीही सोय होती, म्हणजे परीक्षण मला लिहावंच लागणार होतं.

त्याच सुमारास नणंदेचं वागणं बदललं. ती घरबसल्या टायपिंगची, भाषांतराची किरकोळ कामं करायची, त्यामुळे दिवसभर लॅपटॉपपुढे असणं नवीन नव्हतं. पण मी डोणगावला गेले आणि तिच्या खोलीत शिरले, तर तिनं लॅपटॉप फटकन मिटला. काय चाललंय म्हटलं, तर कंपनीचं काम. कुठली कंपनी म्हटलं, तर चहा ठेवते. मी मनात नोंद केली. पुढे या गेमचा विषय निघाला तेव्हा तिच्या तोंडून योद्ध्यांची अशी माहिती आली, जी तोवर कुठेच छापून आलेली नव्हती. घोडं कुठं पेंड खातंय, हे मला कळल्यासारखं वाटलं. कंपनीनं हिला धरलंय, आणि हिच्यामार्फत मला. आमच्या घरात कंपनीचा माणूस बसलाय म्हणायचा!

गेम आला त्या दिवशी तिचा फोन आला. तिचा आवाज जरा घाईचा होता.

"वैनी, लिवायच्या आधी मायासंग एकडाव खेळून पाहा ना."

मी नियमाची आठवण करून दिली. ती म्हणाली, हा चौघांचा खेळ आहे, निदान दोघी तरी पाहिजेत. मी म्हटलं, जो गेम एकटीला पेलत नाही, त्यात काहीतरी खोट असणार. त्या आठवड्यात तिनं गेममधून सात-आठ वेळा बोलावणं पाठवलं. मी एकही स्वीकारलं नाही. जितका ती आग्रह करी, तितकी माझी खात्री पटत जाई.

मी एकटीनं खेळले. उरलेले तीन योद्धे कम्प्युटर चालवत होता. ते खांबासारखे उभे राहात, मधूनच "चला" म्हणत, मधूनच "सावध" म्हणत, आणि मी पडले की न बोलता मला उचलून उभं करत. मी लिहिलं की कापून कापून हात दुखतो आणि मन कुठेच गुंतत नाही. मी लिहिलं की सोबती ठोंबे आहेत. आणि एक परिच्छेद खास भाषेवर लिहिला. मराठीच्या बाईला तो मोह आवरत नाही. यातली मराठी बसस्थानकावरच्या घोषणेइतकी कोरडी आहे, ज्यानं कुणी ती लिहिली त्याला माणसं बोलताना ऐकायची सवय नसावी, असं मी लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

नंतर इतरांची परीक्षणं वाचली. इंग्रजीवाल्या समीक्षकांनी नाकं मुरडलीच होती. आधीच्या गेमची उंची नाही, तेच ते राक्षस, दहापैकी पाच-सहा गुण. पण घोळक्यानं खेळलेली पोरं मात्र भरभरून बोलत होती. पुण्याचा एक मुलगा व्हिडिओत हसून हसून सांगत होता, की यातले योद्धे गावठी मराठीत एकमेकांशी भांडतात. मी गेम शेवटपर्यंत खेळले होते आणि भांडणाचा एक शब्द ऐकला नव्हता. लोकांनी बघावं म्हणून पोरगं थापा मारतंय, असं ठरवून मी तो व्हिडिओ बंद केला.

रविवारची बोलावणी थांबली. एक गेला, दोन गेले, पाच गेले. रुसली असेल, म्हटलं. चोरी पकडली गेली की माणूस रुसतोच. मग नवरा काही कामानं डोणगावला जाऊन आला आणि जेवता जेवता त्यानं सांगितलं. त्या गेमची मराठी नणंदेनंच लिहिली होती. गेम येईपर्यंत बोलायचं नाही, असं कंपनीनं तिच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढच्या भागाचं कामही तिलाच मिळणार होतं. पण मराठीत लेखी परीक्षण एकच आलं होतं आणि त्यात मराठी कोरडी म्हटलं होतं, म्हणून कंपनीनं पुढच्या भागातून मराठीच काढून टाकली. तिचा नवरा त्याला म्हणाला, तिनं तो लॅपटॉप आता दुकानाच्या कामाला देऊन टाकलाय.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि एसटीनं चिखली, मेहकर करत डोणगाव गाठलं. तिनं पाणी दिलं, खुशाली विचारली, पण नजरेला नजर दिली नाही. मी माफी मागितली. मग शाळेतल्या सवयीनं तिलाच विचारलं, की गेम बाजारात आल्यावर तरी का सांगितलं नाही.

"सांगतलं असतं तं तुमी लिवलंच नसतं," ती म्हणाली. "नणंदेचं हाये म्हणून. आन् मले पाहाचं होतं, तुमी मायी बोली वळखता का नाही ते."

मी म्हटलं, दाखव. तिनं दुकानातून लॅपटॉप आणला, मी माझा पिशवीतून काढला आणि आम्ही दोघी पलंगावर बसून खेळलो. पहिल्याच झुंडीत मी पडले. तिची योद्धी धावत आली, माझ्या योद्धीवर वाकली आणि म्हणाली, "काऊन पडली व माय? ऊठ, मी हाये ना." मी उठले तर माझीच योद्धी तिला म्हणाली, "तुह्या भरोशावर राह्यली असती तं मेलीच असती." आणि मग त्या दोघी तलवारी चालवता चालवता अशा काही जुंपल्या, की मी हसता हसता पुन्हा पडले. ही बोलणी दोन खरी माणसं खेळत असली तरच निघतात. तिनं अशी बोलणी ढीगभर लिहिली होती. मेहकरच्या बाजारातली, पाणंदीतली, आमच्या सासूबाईंची. माझ्या वाट्याला आले ते "चला" आणि "सावध", कारण मी सोबत कुणाला घेतलंच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी नवीन परीक्षण लिहिते म्हणाले. ती नको म्हणाली. आता लिहिलं तर लोक नणंदेसाठी लिहिलं म्हणतील, जाऊ द्या. तरी मी लिहिलं. सगळं खरं लिहिलं. नातं सांगितलं, नियम कुठे चुकला ते सांगितलं, तिची मराठी ऐकून माझी काय अवस्था झाली तेही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात प्रामाणिक परीक्षण असेल.

तासाभरात पहिली प्रतिक्रिया आली. माझा सगळ्यात जुना वाचक होता, माझी जवळपास सगळी परीक्षणं वाचलेला. त्यानं लिहिलं होतं, "नणंद आहे होय? मग समजलं." खाली भराभर अंगठे उमटत गेले. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.